आयल्ट्सचे लेखन: सहाच्या बँडवरून पुढे सरकण्यासाठी

ऐकणे आठ, वाचन साडेसात, बोलणे सात आणि लेखन सहा. माझ्याकडे मार्गदर्शनासाठी येणाऱ्या मुलामुलींच्या हातातले आयईएलटीएसचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'आयल्ट्स'चे, निकालपत्र साधारण असेच असते. परदेशी शिक्षण, नोकरी किंवा स्थलांतरासाठी इंग्रजी तपासणाऱ्या या परीक्षेत प्रत्येक भागाला नऊपैकी गुण मिळतात, त्यांना 'बँड' म्हणतात. अशा निकालानंतर पुढच्या प्रयत्नाची तयारी म्हणून बहुतेक जण अवघड शब्दांची यादी पाठ करायला घेतात, कोणाकडून तरी आलेले 'बँड नऊ'चे नमुना निबंध छापून आणतात आणि रोज एक नवा निबंध लिहून बाजूला ठेवतात. दोन महिन्यांनी परीक्षा होते आणि लेखनात पुन्हा सहाच येतात. कष्ट कमी पडलेले नसतात, पण ते भलत्याच जागी खर्च झालेले असतात. लेखनाची तयारी नवे निबंध लिहिण्याने थोडी आणि लिहिलेला निबंध तपासून, दुरुस्त करून पुन्हा लिहिण्याने पुष्कळ होते, असे माझे मत आहे, आणि पुढे जे सांगितले आहे ते या मताला धरूनच आहे.

आधी परीक्षेचे स्वरूप. लेखनाचा पेपर एका तासाचा असतो आणि त्यात दोन प्रश्न सोडवायचे असतात. 'टास्क वन'साठी किमान १५० शब्द व सुमारे २० मिनिटे आणि 'टास्क टू'साठी किमान २५० शब्द व सुमारे ४० मिनिटे, असे वेळेचे वाटप सुचवलेले असते. अ‍ॅकॅडमिक (म्हणजे मुख्यतः उच्च शिक्षणासाठीच्या) परीक्षेत टास्क वनमध्ये आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखाद्या प्रक्रियेची आकृती देऊन तिचे वर्णन करायला सांगतात, तर जनरल ट्रेनिंग या मुख्यतः स्थलांतरासाठीच्या प्रकारात त्या जागी पत्र असते. टास्क टूमध्ये दोन्हीकडे निबंध असतो आणि त्याचे वजन टास्क वनच्या दुप्पट असते. हे 'दुप्पट' वाचून सोडून देण्यासारखे नाही. मी स्वतः ही परीक्षा पहिल्यांदा दिली तेव्हा आलेखातला एकही आकडा सुटू नये म्हणून त्यावर ३५ मिनिटे घालवली आणि निबंधाचा दुसरा परिच्छेद अर्धवट असतानाच वेळ संपल्याचे सांगण्यात आले. त्या खेपेला लेखनात साडेपाच पडले, आणि ते योग्यच होते.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याला नेमके किती हवे आहेत हे तयारीला बसण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावे. कुशल कामगारांना स्थायिक होऊ देणाऱ्या कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री या योजनेसाठी जनरल ट्रेनिंगमध्ये 'सीएलबी नऊ'ची, म्हणजे कॅनडाच्या भाषिक मोजपट्टीवरची नववी, पातळी गाठायची असेल, तर ऐकण्यात आठ आणि वाचन, लेखन व बोलणे या तिन्हींत प्रत्येकी सात लागतात, आणि पुण्यातल्या संगणक क्षेत्रातल्या अनेकांचे घोडे या लेखनातल्या सातवरच अडते. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नोंदणी करू पाहणाऱ्या परिचारिकेला इतर तीन भागांत सात आवश्यक असले, तरी लेखनात साडेसहा चालतात. विद्यापीठांच्या अटी तर एकाच विद्यापीठात अभ्यासक्रमागणिक बदलतात. म्हणून शेजारच्या मुलाला किती लागले होते यावर विसंबू नये आणि ज्या कामासाठी परीक्षा देत आहोत त्या संस्थेची अट स्वतः वाचावी. सहावरून साडेसहावर जाणे हे अनेकदा चुका कमी करण्याचे काम असते, पण सातवर जायचे तर विचारांची मांडणीही बदलावी लागते.

परीक्षक चार निकषांवर गुण देतो: प्रश्नाला दिलेला प्रतिसाद, मजकुराची सुसंगती व बांधणी, शब्दसंपत्ती, आणि व्याकरणाचा आवाका व अचूकता. चारही निकषांना सारखेच वजन असते. म्हणजे बहुतेकांची सगळी शक्ती ज्या शब्दांवर खर्च होते, ती शब्दसंपत्ती एका प्रश्नाच्या गुणांचा फक्त चौथा हिस्सा असते. या निकषांचे बँडनिहाय वर्णन ब्रिटिश कौन्सिल आणि आयडीपी या परीक्षेशी संबंधित संस्थांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळते. ते उतरवून घ्यावे आणि त्यातले सहा व सात हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचावेत. सहाच्या निबंधात भूमिका प्रश्नाला धरून असते, पण निष्कर्ष धूसर असतात किंवा त्याच त्या गोष्टी पुन्हा येतात. सातच्या निबंधात मात्र भूमिका पहिल्या परिच्छेदापासून शेवटपर्यंत स्पष्ट राहते. व्याकरणाच्या बाबतीत सहाला साध्या आणि मिश्र वाक्यांचे मिश्रण पुरते आणि चुका चालवून घेतल्या जातात, तर सातला पूर्णपणे बिनचूक अशी वाक्ये वारंवार दिसावी लागतात. हे शेवटचे वाक्य फार उपयोगाचे आहे, कारण बिनचूक वाक्ये मोजता येतात. आपला निबंध एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्यावा, एकूण वाक्ये मोजावीत, त्यांपैकी ज्यांत एकही खूण झालेली नाही ती मोजावीत आणि हा आकडा दर आठवड्याला टिपून ठेवावा. मी काही विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी हा हिशेब करायला लावतो. पंधरा वाक्यांपैकी तीन स्वच्छ निघाली की अवघड शब्दांच्या यादीचा विषय आपोआप मागे पडतो.

प्रश्नातला 'च'

निबंधाची अर्धी लढाई प्रश्न वाचण्यात असते. सरावासाठी मी नेहमी देतो तो एक प्रश्न मराठीत सांगतो: मोठ्या शहरांतील वाहतूक कोंडी सोडवण्याचा एकमेव मार्ग म्हणजे शहराच्या मध्यभागात खासगी मोटारींना बंदी घालणे, असे काही जणांना वाटते, आपण याच्याशी कितपत सहमत आहात? मूळ इंग्रजी प्रश्नात 'द ओन्ली वे' हे शब्द आहेत. आपल्या भाषेत हे काम एक 'च' करतो: बंदी घातली तरच कोंडी सुटेल. दहांपैकी सात-आठ जण हा 'च' न पाहता लिहायला लागतात आणि वाहतूक कोंडीची कारणे, प्रदूषणाचे दुष्परिणाम, मोटारींचे फायदे-तोटे, शेवटी झाडे लावण्याचे आवाहन असा सर्वसाधारण निबंध देऊन मोकळे होतात. इंग्रजी चांगले असूनही त्या निबंधाला पहिल्या निकषात मार बसतो, कारण विचारलेला वाद मोटारी वाईट की चांगल्या असा नाही, बंदी हा एकच उपाय आहे का, असा आहे.

'च' दिसला की निबंध स्वतःच आकार घेऊ लागतो. भूमिका अशी घेता येईल: मध्यभागातील बंदीचा उपयोग आहे, पण तो एकमेव उपाय म्हणता येणार नाही. पहिल्या मुख्य परिच्छेदात बंदी कुठे उपयोगी पडते ते सांगावे: जुन्या पेठांसारख्या अरुंद रस्त्यांच्या भागात, जिथे दुकाने पायी फिरण्याच्या अंतरावर असतात आणि रस्ता रुंद करणे शक्यच नसते. दुसऱ्या परिच्छेदात 'एकमेव' या शब्दाला हात घालावा. लंडनने २००३ पासून मध्यवर्ती भागात मोटार आणण्यास बंदी न घालता त्यासाठी शुल्क आकारायला सुरुवात केली, म्हणजे दुसरा मार्ग अस्तित्वात आहे हे एका उदाहरणाने सिद्ध होते. आणि पुण्यासारखे दुचाकींचे शहर घेतले, तर तिथे मोटारी हटवल्या तरी स्कूटर आणि मोटारसायकली रस्त्यावर राहतीलच, त्यामुळे वेळेवर मिळणाऱ्या बसशिवाय कोंडी सुटणार नाही. हा मुद्दा कोणत्याही नमुना निबंधात सापडत नाही, तो रोज चौकात सिग्नलला थांबणाऱ्यालाच सुचतो. स्थानिक उदाहरण देण्यात काही गैर नाही, फक्त परीक्षकाला पुणे माहीत असेल असे गृहीत धरू नये आणि 'पश्चिम भारतातील शहर' असे दोन-तीन शब्द जोडावेत.

प्रश्नाची शेवटची ओळ काय मागते, तेही तितक्याच काळजीने पाहावे. 'कितपत सहमत' असे विचारले असेल तर स्वतःचे मत आणि त्याची कारणे हवीत. 'दोन्ही मतांची चर्चा करा आणि आपले मत द्या' असे असेल तर तीन गोष्टी मागितलेल्या आहेत आणि तिसरी बहुतेक वेळा विसरली जाते. फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का, असे विचारल्यावर दोन्हींच्या याद्या देऊन थांबता येत नाही, पारडे कोणत्या बाजूला झुकते ते सांगावेच लागते. काही वेळा सरळ दोन प्रश्न असतात, तेव्हा प्रत्येकाला एक परिच्छेद द्यावा.

आराखड्याला पाच ते सात मिनिटे द्यावीत. ती वाया जातात असे वाटते, पण त्या मिनिटांशिवाय लिहिलेल्या निबंधात तिसऱ्या परिच्छेदाला पहिल्याच परिच्छेदातला मुद्दा वेगळ्या शब्दांत परत येतो. मुद्दे सुचेपर्यंत मराठीत विचार करायला माझी हरकत नाही. मात्र प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य आराखड्यातच इंग्रजीत लिहावे, म्हणजे वाक्याची रचना घाईत मराठीवरून उचलली जात नाही. एका परिच्छेदात एकच मुद्दा, त्याचे कारण आणि एक ठोस उदाहरण एवढे पुरते. चार मुद्द्यांना प्रत्येकी एक ओळ देण्यापेक्षा दोन मुद्दे मुळापर्यंत नेणे केव्हाही चांगले.

प्रस्तावनेबद्दल थोडे कडक बोलतो. शाळेत आपल्याला 'आजच्या विज्ञानयुगात' अशी सुरुवात आणि सुविचाराने शेवट शिकवला गेला आणि तीच सवय 'इन दिस मॉडर्न एरा' आणि 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स' या रूपाने इंग्रजीत उतरली. ही वाक्ये कोणत्याही विषयाला चालतात, आणि म्हणूनच ती कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नसतात. प्रस्तावनेला दोन वाक्ये पुरतात: एकात प्रश्न स्वतःच्या शब्दांत मांडावा आणि दुसऱ्यात आपली भूमिका सांगावी. समारोपातही दोनच, आणि त्यात नवा मुद्दा आणू नये. पाठ केलेला मजकूर परीक्षकाच्या लगेच लक्षात येतो, कारण त्या चार ओळींचे इंग्रजी आणि पुढच्या चाळीस ओळींचे इंग्रजी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. संपूर्ण उत्तर पाठ केलेले असल्याचे सिद्ध झाले तर शून्य बँड देण्याची तरतूद निकषांतच आहे.

मराठीतून येणाऱ्या चुका

परीक्षेसाठी इंग्रजी व्याकरणाचे जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नसते. आपल्या चुका मुख्यतः आपल्या मातृभाषेतून येतात आणि त्यांचे प्रकार मोजके असतात.

सर्वांत ठळक म्हणजे 'जरी... तरी'. मराठीत 'जरी बस स्वस्त असली, तरी लोक मोटारच वापरतात' या वाक्याला दोन टोके लागतात, म्हणून इंग्रजीतही 'ऑल्दो बसेस आर चीप, बट पीपल यूज कार्स' असे लिहिले जाते. इंग्रजीला एकच टोक पुरते. 'ऑल्दो' ठेवला की 'बट' काढायचा, 'बट' हवा असेल तर 'ऑल्दो' काढायचा. निबंधात प्रतिवाद मांडताना ही रचना तीन-चार वेळा येतेच, त्यामुळे ही एक चूक सुधारली तरी तीन-चार वाक्ये स्वच्छ होतात.

दुसरा प्रकार आपल्या विभक्तिप्रत्ययांचा आणि शब्दयोगी अव्ययांचा. 'त्याला विचारले' मधल्या 'ला'मुळे 'आस्क्ड टू हिम' येते, 'विषयी चर्चा केली' यामुळे 'डिस्कस्ड अबाउट' येते, 'यावर भर दिला' यामुळे 'एम्फसाइझ्ड ऑन' येते. या तिन्ही क्रियापदांपुढे इंग्रजीत थेट कर्म येते, मध्ये काही लागत नाही. 'गेल्या पाच वर्षांपासून' या शब्दप्रयोगातला 'पासून' तर 'सिन्स लास्ट फाइव्ह इयर्स' असा हमखास उतरतो. कालावधी सांगायचा असेल तेव्हा 'फॉर' आणि सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तेव्हा 'सिन्स', हा भेद चार वाक्ये लिहून हाताला लावून घ्यावा.

तिसरा प्रकार 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द' यांचा. मराठीत ही उपपदेच नाहीत, त्यामुळे ती गाळल्याचे कानालाही खटकत नाही. यावर नियमांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा एक तपासणी करावी. निबंध लिहून झाल्यावर प्रत्येक एकवचनी, मोजता येणाऱ्या नामावर पेन्सिलीचे टोक ठेवावे आणि त्याच्या आधी 'अ', 'अ‍ॅन', 'द', 'धिस', 'माय' यांपैकी किंवा त्यांच्या जातीचे काही आहे का ते पाहावे. काहीच नसेल तर जवळजवळ नक्कीच चूक आहे. 'कार इज युजफुल' हे वाक्य या तपासणीत तत्काळ सापडते. मग 'अ कार' करायचे की 'कार्स', एवढाच प्रश्न उरतो.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. 'इन्फर्मेशन', 'अ‍ॅडव्हाइस', 'इक्विपमेंट', 'ट्रॅफिक' यांना 'एस' लागत नाही. 'वन ऑफ द' नंतर नाम अनेकवचनी येते, पण त्या रचनेचे क्रियापद एकवचनी राहते. मराठीत दोन पूर्ण वाक्ये स्वल्पविराम देऊन सहज जोडता येतात, इंग्रजीत ती चूक धरली जाते, त्यामुळे 'पीपल लाइक कार्स, दे हेट बसेस' अशा ठिकाणी पूर्णविराम द्यावा किंवा जोडणारा शब्द घालावा. आणि प्रत्येक 'च'साठी 'ओन्ली' लिहू नये.

शब्दसंपत्तीबद्दल माझे मत बहुतेक शिकवण्यांपेक्षा वेगळे आहे. 'प्लेथोरा' आणि 'मिरियड' हे शब्द शिकण्यापेक्षा साध्या शब्दांच्या जोड्या अचूक येणे महत्त्वाचे आहे. समस्या 'सॉल्व्ह' किंवा 'टॅकल' केली जाते, कायदा 'एन्फोर्स' केला जातो, गर्दी 'हेवी ट्रॅफिक' असते, 'बिग ट्रॅफिक' नसते. वर्तमानपत्रातला एक इंग्रजी लेख घेऊन त्यातल्या अशा पाच जोड्या वहीत उतरवाव्यात आणि त्याच आठवड्याच्या निबंधात त्यांपैकी दोन तरी वापराव्यात.

टास्क वन

अ‍ॅकॅडमिकच्या टास्क वनमध्ये सर्वाधिक गुण एका गोष्टीवर अडतात: संपूर्ण चित्राचा सारांश सांगणारी दोन वाक्ये. निकषांनुसार सातला हा सारांश स्पष्ट असावा लागतो, आणि तो नसताना नुसते आकडे एकामागून एक सांगितले तर उत्तर पाचच्या आसपास घसरते. समजा, एका देशातल्या विजेचा १९९० ते २०२० पर्यंतचा आलेख दिला आहे, आणि त्यात कोळशाचा वाटा ७० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आला, जलविद्युत २० टक्क्यांच्या आसपास राहिली आणि सौर ऊर्जा शून्यातून २५ टक्क्यांवर गेली. सारांशात एकही आकडा न देता सांगता येते की कोळशावरचे अवलंबन कमी झाले तरी तोच सर्वांत मोठा स्रोत राहिला आणि सर्वांत ठळक वाढ सौर ऊर्जेत झाली. प्रस्तावनेच्या एका वाक्यानंतर लगेच हा सारांश लिहावा, शेवटासाठी राखून ठेवू नये, कारण शेवटी वेळ उरत नाही. आकडे पुढच्या दोन परिच्छेदांत द्यावेत आणि तेही निवडून.

इथे आपली भाषा मदतीला येते. 'वर आला' आणि 'ने कमी झाला' यांतला फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही. इंग्रजीतला 'टू' म्हणजे आपला 'वर' आणि 'बाय' म्हणजे आपला 'ने'. कोळसा 'टू' ४५ टक्के आला, 'बाय' ४५ टक्के नव्हे. शिवाय ७० वरून ४५ ही घट २५ टक्क्यांची नसून २५ 'पर्सेंटेज पॉइंट्स'ची, म्हणजे टक्क्यांच्या दोन आकड्यांतल्या सरळ फरकाची, आहे, हेही लक्षात ठेवावे. वर्षे उलटून गेलेली असतील तर भूतकाळ वापरावा. प्रक्रियेच्या आकृतीत शाळेतला कर्मणी प्रयोग आठवावा: पाने तोडली जातात, वाळवली जातात, भरली जातात. आलेख असा का आहे याची कारणे मात्र कधीही सांगू नयेत, ती विचारलेली नसतात.

जनरल ट्रेनिंगच्या पत्रात तीन मुद्दे दिलेले असतात आणि तिन्हींना उत्तर द्यावे लागते. पत्र कोणाला आहे यावर भाषेचा सूर ठरतो, आणि आपली गाडी नेमकी तिथे घसरते. सा. न. वि. वि.च्या वळणाने 'रिस्पेक्टेड सर', 'काइंडली डू द नीडफुल' असे जे इंग्रजी आपल्या कार्यालयांत रुजले आहे, ते इथे उपयोगी पडत नाही. नाव माहीत नसलेल्या अधिकाऱ्याला 'डिअर सर ऑर मॅडम' आणि शेवटी 'युअर्स फेथफुली', आडनाव माहीत असेल तर शेवटी 'युअर्स सिन्सिअरली', आणि मित्राला लिहिताना नुसते पहिले नाव. पत्ता, दिनांक आणि 'विषय' ही ओळ लिहिण्याची गरज नाही.

वही, आणि तोच निबंध पुन्हा

आता प्रत्यक्ष सराव. आठ आठवडे हाताशी आहेत असे धरले, तर पहिले तीन आठवडे घड्याळ बाजूला ठेवावे. आठवड्याला दोनच निबंध लिहावेत, पण प्रत्येक निबंध तीनदा. पहिला मसुदा लिहून झाला की तो दोन दिवस तसाच पडू द्यावा. मग स्वतः तपासावा, शक्य असेल तर चांगले इंग्रजी लिहिणाऱ्या कोणाकडून तपासून घ्यावा, आणि दुरुस्त्या पाहून पुन्हा लिहावा. तिसऱ्यांदा लिहिताना जुने दोन्ही कागद मिटून ठेवावेत आणि कोऱ्या कागदावर सुरुवात करावी. या तिसऱ्या लेखनातच सुधारणा हाताला लागते, आणि नेमका हाच टप्पा कंटाळा आल्यामुळे सगळे गाळतात.

चुकांसाठी शंभरपानी वही ठेवावी आणि पानाचे तीन रकाने करावेत: मी काय लिहिले, काय हवे होते, आणि ही चूक कुठून आली. तिसरा रकाना महत्त्वाचा आहे. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत महिनाभरात साठ-एक नोंदी झाल्या. तिसऱ्या रकान्यावरून नजर फिरवली तेव्हा त्यांतल्या चाळीसच्या वर नोंदी फक्त चार कारणांच्या होत्या: उपपद गाळणे, 'जरी-तरी', स्वल्पविरामाने जोडलेली वाक्ये आणि क्रियापदाचा 'एस' विसरणे. त्या दिवसापासून तिने व्याकरणाचे पुस्तक बंद केले आणि प्रत्येक निबंध या चार चाळण्यांतून काढायला सुरुवात केली. प्रत्येक चाळणीला वेगळे वाचन, एका वाचनात एकच चूक शोधायची. सगळ्या चुका एकदम शोधायला गेले की एकही सापडत नाही.

तपासून देणारे कोणी नसेल तर हल्ली चॅटबॉटची मदत घेतली जाते. घ्यावी, पण निबंध सुधारून देण्यास सांगू नये, कारण तो गुळगुळीत निबंध परत देतो आणि त्यात आपले काय चुकले ते दिसतच नाही. फक्त चुकीच्या वाक्यांचे क्रमांक मागावेत आणि दुरुस्ती स्वतः करावी. त्याने सांगितलेल्या बँडवर मात्र विश्वास ठेवू नये.

चौथ्या आठवड्यापासून घड्याळ लावावे: आधी निबंधाला ५० मिनिटे, मग ४५, मग ४०. शेवटच्या दोन आठवड्यांत दोन्ही प्रश्न सलग एका तासात सोडवावेत, आणि ज्या पद्धतीने परीक्षा देणार त्याच पद्धतीने. संगणकावर देणार असाल तर शब्दसंख्या पडद्यावर दिसते आणि मजकूर मागेपुढे हलवता येतो, पण स्पेलिंगखाली लाल रेघ येत नाही, म्हणून सरावातही ती सोय बंद करून टाइप करावे. कागदावर लिहिणार असाल तर आपल्या हस्ताक्षरात एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात ते मोजून ठेवावे, म्हणजे परीक्षेत शब्द मोजत बसावे लागत नाही. ब्रिटिश किंवा अमेरिकन कोणतेही स्पेलिंग चालते, पण एकाच उत्तरात दोन्ही मिसळू नयेत.

प्रत्यक्ष तासात कोणता प्रश्न आधी घ्यावा यावर मतभेद आहेत. ज्याला थांबता येते त्याने टास्क वन आधी घ्यावा, पण विसाव्या मिनिटाला अर्धे वाक्य असले तरी पान उलटावे. माझ्यासारखा आकड्यांत अडकणारा असेल त्याने निबंध आधी संपवलेला बरा. निबंध २७० ते २९० शब्दांत थांबवावा. जास्त शब्दांसाठी गुण कापले जात नाहीत, पण जास्त वाक्यांत जास्त चुका होतात आणि तपासण्याची पाच मिनिटे त्यातच जातात. ती पाच मिनिटे वहीतल्या चार चाळण्यांसाठी राखून ठेवलेली असतात. सर्व उत्तरे सलग परिच्छेदांत लिहावीत, टिंबे देऊन मुद्दे मांडू नयेत.

निकाल लागल्यावर लेखन तेवढेच कमी पडले, तर सर्व पेपर पुन्हा देण्याआधी दोन वाटा तपासाव्यात. संगणकावर परीक्षा दिली असेल तर 'वन स्किल रीटेक' या सोयीतून ६० दिवसांच्या आत फक्त लेखनाचा पेपर पुन्हा देता येतो, मात्र आपल्या विद्यापीठाला किंवा संबंधित देशाला असा निकाल चालतो का ते आधी विचारून घ्यावे. दुसरी वाट फेरतपासणीची. तिच्यासाठी परीक्षेच्या दिवसापासून सहा आठवड्यांच्या आत अर्ज करावा लागतो आणि गुण वाढले तर भरलेले शुल्क परत मिळते. वहीत बिनचूक वाक्यांचा आकडा गेले महिनाभर सातत्याने वर गेलेला असेल आणि तरीही निकालात अर्ध्या बँडनेच मागे राहिलो असू, तर फेरतपासणीचा अर्ज करायला हरकत नाही. आकडा जागच्या जागी असेल, तर ते पैसे वाचवून निबंध तपासून देणारा कोणी शोधावा.